वाऱ्याकडचा कोपरा

मित्रांनो, मी एक जुना किल्ला आहे. हसू नका! वेल्सच्या डोंगरावर मी गवताखाली पडलेलो आहे. फिरायला आलेली माणसे माझ्याच उंचवट्यावर बसतात, "इथे तर काहीच नाही," म्हणतात आणि डबा खाऊन निघून जातात.

मला रोमच्या सैन्याने बांधले. सैन्य रोमचे, पण राबणारी माणसे मदतीला भरती केलेली, ऱ्हाईन नदीकाठची. थंडीने कुडकुडत त्यांनी माझ्या भिंती रचल्या. ते गेल्यावर माझे दगड ज्याने त्याने पळवले. चर्चला माझे दगड, घराच्या धुराड्याला माझे, डुकरांच्या खोपटालाही माझेच! आभार कोणी मानले नाहीत. शेवटी उरला वाऱ्याकडचा एक कोपरा.

त्या कोपऱ्यावर माझा फार जीव होता. इथल्या मेंढ्यांना कुंपण लागत नाही. चरायची जागा आई लेकीला दाखवते, लेक तिच्या लेकीला. बर्फात कुठे उभे राहायचे, हेही तसेच शिकवलेले. पिढ्यान्‌पिढ्या त्या माझ्याच आडोशाला आल्या.

गेल्या वर्षी थंडीच्या तोंडावर मेंढपाळ इद्वल ट्रॅक्टर घेऊन आला. खाली ओढ्याजवळ त्याला माझ्याच दगडांचा मेंढ्यांसाठी नवा आडोसा बांधायचा होता. त्याची चुलती तेगवेन धापा टाकत मागोमाग आली.

"मेल्या, मेंढ्यांना विचारलंस का?"

"काकू, त्यांना काय विचारायचं? नवी भिंत दिसली की जातील तिकडं."

"तू जातोस का कधी आपणहून सासरवाडीला? त्या इथंच येणार, बघ."

"बरं बरं, तुम्ही जाऊन चहा टाका."

आणि त्याने माझा कोपरा उचकटून नेला. मला तोंड असते तर त्याला चांगला फैलावर घेतला असता!

कोकरे जन्मायच्या दिवसांत बर्फाचे वादळ आले. ओढ्याजवळचा आडोसा रिकामाच राहिला. मेंढ्या नेहमीसारख्या माझ्याकडे आल्या आणि जिथे भिंत होती तिथे, कोकरांना पोटाशी घेऊन, उघड्या वाऱ्यात उभ्या राहिल्या. मी नुसता बघत राहिलो. सकाळी इद्वल गोठलेली कोकरे उचलत होता. तेगवेन पोत्याचे तोंड उघडून धरून उभी होती.

आता इद्वल दगड परत आणतो आहे. भिंत वाकडीतिकडी होते आहे. माझ्या सैनिकांनी पाहिली असती तर त्याला बदडून काढले असते. पण ती कोकरे तो कुठून आणणार? मित्रांनो, माझी कीव करू नका. फक्त जुन्या भिंतीचा दगड उचलण्याआधी तिच्या आडोशाला कोण उभे राहते, तेवढे बघा.