मागची स्प्रिंग

नव्या रॅली गाडीची मागची स्प्रिंग उतारावर उसळते, हे थोरल्या ड्रायव्हरला चाचणीतच कळलं होतं. त्याने आपली गुपचूप बदलून घेतली आणि टीममधल्या धाकट्या ड्रायव्हरला ताकास तूर लागू दिला नाही.

शर्यतीच्या सकाळी धाकटाच धावत आला. "दादा, तिसरा गिअर अडकतोय. क्लच पूर्ण दाबूनच टाका, नाहीतर वाटेत बंद पडाल."

थोरल्याची मान खाली गेली. "तुझी मागची स्प्रिंग उतारावर उसळेल," तो कसाबसा म्हणाला.

"कधी कळलं?"

"महिना झाला."

धाकट्याने घड्याळ पाहिलं. "आता बदलायला वेळ कुठाय, दादा?"

थोरला पहिला आला, धाकटा सातवा. बक्षीस घेताना धाकट्याच्या टाळ्या ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.