दाखवण्यापुरतं पातेलं

आधी एक सांगून ठेवते: आर्डिस निष्काळजी नव्हती. आता गावात कुणीही उठतं आणि तिच्या नावानं बोटं मोडतं. पण तिच्या स्टुडिओतल्या मागच्या स्वयंपाकघरात चिराचिरी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेलीत, तेव्हा मला कुणी शिकवू नये.

शाळेत मुलींना स्वयंपाक शिकवणारी ही बाई कृष्णधवल टीव्हीच्या काळात स्टुडिओत शिरली आणि तिथलीच झाली. रोज दुपारी तिचा कार्यक्रम, रविवारी पेपरात सदर, वर दोन जाडजूड पुस्तकं. मिनेसोटाच्या आमच्या टोकाला सासू नव्या सुनेला आधी आर्डिसचं पुस्तक द्यायची, घराची किल्ली मागाहून.

त्या ऑगस्टात फरसबी हिवाळ्यासाठी बरण्यांत भरायचा कार्यक्रम होता. फरसबीच्या बरण्या प्रेशर कुकरमध्येच उकळाव्या लागतात. नुसत्या उकळत्या पाण्यात ठेवल्या तर पुढे आत विष धरतं, आणि ते ना दिसतं, ना वासाला येतं. आर्डिसला हे झोपेतही पाठ होतं. पण आमचा दिग्दर्शक रॉइस, त्याची अक्कल कॅमेऱ्यातच अडकलेली.

"झाकण लावल्यावर लोकांना काय दिसणार, कपाळ? उघड्या पातेल्यात ठेव. बरण्या नाचताना दिसू देत."

"ठेवते," आर्डिस म्हणाली, "पण हे दाखवण्यापुरतं आहे, घरी कुकरच वापरा, असं शेवटी सांगणार."

तिनं सांगितलंही, मी समोर उभी होते. नेमकी तेव्हाच जाहिरात लागली. तिचं वाक्य स्टुडिओत राहिलं आणि पातेलं तेवढं घरोघरी गेलं. कार्यक्रम थेट चाललेला, आमच्यापैकी कुणाला ते कळलंच नाही.

फेब्रुवारीत गावातला ऑर्विन ब्रेके गेला. डॉक्टर म्हणाले पक्षाघात. चर्चमधली प्रार्थना झाल्यावर रीतीप्रमाणे सगळे खाली तळघरात जेवायला उतरले. बायकांनी घरून आणलेलं टेबलावर मांडलं होतं, हॅम, बटाटे, लाल-हिरवी जेली. आर्डिस आणि मी ऑर्विनच्या बायकोजवळ, हेझेलजवळ, बसलो.

"आधी म्हणाला, मला सगळं दोन-दोन दिसतंय," हेझेल सांगत होती. "मग पापण्या उघडेनात. घोट गिळवेना. आणि शुद्ध होती गं शेवटपर्यंत. सगळं कळत होतं त्याला."

आर्डिस एकदम ताठ झाली. "त्याआधी काय जेवला होता?"

"फरसबी. तुझीच. सेल्मानं आणि मी मिळून बरण्या केल्या, मोठ्या पातेल्यात, अगदी तू केल्यास तशा. मला नाही आवडत, त्यानं एकट्यानं संपवली."

सेल्मा म्हणजे माझी मावशी. त्याच बरण्यांतल्या फरसबीचं थंड सॅलड मोठ्या वाडग्यात भरून तिनं टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. बोलावं, तर नवऱ्याला आपल्याच हातानं विष वाढलं हे हेझेलला कळणार, आणि आर्डिसची जन्माची कमाई त्या तळघरात बुडणार. गप्प बसावं, तर लोक ताटं घेऊन रांगेत उभे होतेच. आर्डिस उठली.

"फरसबी कुणी खाऊ नका. ऑर्विन त्या फरसबीनंच गेला. मी चुकीचं दाखवलं. चूक माझी आहे, हेझेलची नाही."

मग पाद्रीबुवा म्हणाले, "आर्डिस, बस जरा. दमलीयेस तू. कॉफी घे."

आमची माणसं अशीच. कुणी चारचौघांत पडलं तर बघितलंच नाही असं दाखवतील. आर्डिस रडायच्या बेतात होती, ते मावशीला बघवेना. ती वाडग्याजवळ गेली, चमचाभर सॅलड तोंडात घातलं आणि हसून म्हणाली, "बघ, चांगलं झालंय. तुझं काही चुकत नसतं, बाई."

आर्डिसनं धावत जाऊन तो वाडगा जमिनीवर उलटा केला. तोवर मावशीनं घास गिळला होता. हेझेल मात्र खुर्चीत तशीच बसून राहिली, स्वतःच्या हातांकडे बघत.

दुसऱ्या दिवशी थेट कार्यक्रमात आर्डिसनं बरण्या फेकून द्यायला सांगितलं. तो तिचा शेवटचा कार्यक्रम. इकडे मी मावशीच्या हातापाया पडत होते, दवाखान्यात चल म्हणून. "एवढ्याशा चमच्यानं काय होतंय," म्हणाली. त्याच आठवड्यात तिच्या पापण्या खाली आल्या. या वेळी डॉक्टरांना कारण ठाऊक होतं, त्यांनी औषधही दिलं, पण मावशीचं वय झालं होतं.

"आर्डिसला कळवू नकोस," ती जड जिभेनं म्हणाली. "उगाच वाईट वाटेल बिचारीला."

माझं डोकंच फिरलं. या भलेपणाचा मला वीट आला होता. मी दवाखान्यातूनच आर्डिसला फोन लावला.

ती आली तोवर मावशीचं बोलणं बंद झालं होतं, ऐकू मात्र सगळं येत होतं. आर्डिसनं तिचा हात हातात घेऊन माफी मागितली. मावशीनं मिटल्या डोळ्यांनीच दोन बोटांनी तिच्या हातावर थोपटलं, आणि आर्डिसला नेमकं तेच सोसलं नाही.