धवलेरीचं कुंकू

यमूला मांडवाच्या बाहेरच थांबवलं.

तिच्या हातात ताट होतं. ताटात तांदूळ, हळदीच्या पाण्याची वाटी, कुंकवाचा करंडा आणि पेटवायची राहिलेली पणती. एक पाय मांडवाच्या सावलीत पडलाच होता, तेवढ्यात नवऱ्यामुलाची आत्या गीताबाई आडवी आली. म्हणाली, जरा बाहेर थांब गो, आमचं बोलणं चाललंय.

यमू धवलेरी. भातसानगरच्या वरच्या पाड्यांवर लग्न लागतं ते तिच्या तोंडून. ती धवळा गाते, देवांना हाका मारते, नवरा-नवरीची नावं गाण्यात गुंफते, आणि मगच हात हातात जातात. त्यासाठी एकच अट. धवलेरीचा दादला जिता हवा, कपाळाचं कुंकू कधी उतरलेलं नसावं.

तिचा दादला सावळ्या तिच्या मागेच उभा होता. खिशात विडी चाचपत.

वऱ्हाड वैशाखऱ्याहून आलं होतं. गीताबाईने मोबाइल पुढे धरला. यमूच्या घरात असला फोन नव्हता. ती हे आज पहिल्यांदा बघत होती. पडद्यावर तीच होती, रिकामी कळशी मांडीवर घेऊन धरणाकडे बघत बसलेली. कपाळ उघडं. गळा मोकळा. मनगटं रिती. खालची अक्षरं गीताबाईच्या लेकीने वाचून दाखवली. ही खरी गोष्ट आहे, भातसेच्या पाण्यात नवरा गमावलेल्या बाईची.

"मी कवा मेलो?" सावळ्या म्हणाला. "मला तं कोनी सांगितलंच नाय."

दोघे-तिघे हसले. गीताबाई हसली नाही. हा दुसरा केलेला असेल, असं ती लेकीला म्हणाली, यमूला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. पाड्यातल्या माणसांना खरं ठाऊक होतं. पण त्यांच्यातलीही एक म्हातारी पुटपुटली, नाटकात का होईना, पुसलं ते पुसलंच. नवरीची आई खांबाला धरून उभी होती. वऱ्हाड उठून जाईल या भीतीने तिने तोंडाला पदर लावला.

शिमग्याच्या आधी प्रणित आला होता. शहापूरचा, लग्नांचं शूटिंग करणारा. पाण्यावर फिल्म काढतोय म्हणाला. धरण तुमच्या उशाशी, पाणी मुंबईला, आणि तुम्ही झऱ्यावर वाटीने कळशी भरता, हे जगाला दाखवू. यमूला ते पटलं, कारण ते खरं होतं. दिवसभर ती कळशी घेऊन उन्हात चढली-उतरली. संध्याकाळी तो म्हणाला, मावशी, एका सीनपुरतं कुंकू पुसा. तिने कळशी खाली ठेवली. दुसरी बाई बघ म्हणाली. त्याने हसून हात जोडले होते, राहू द्या म्हणाला होता.

आज तोच प्रणित मांडवात कॅमेरा घेऊन फिरत होता. यमूने त्याला हाक मारली.

"मी कुकू पुसलं व्हतं का रे?"

"नाय मावशी. ते ॲपमधी केलं. इफेक्ट असतो तो."

"मंग हितं सांग. समद्यांना आयकू जाईल असं."

प्रणितने मागे पाहिलं. फिल्म स्पर्धेत होती, खरी गोष्ट म्हणूनच निवडली गेली होती. तो हळूच म्हणाला, नंतर बोलू, आता मुहूर्त आहे. एवढे लोक बघतात, एवढे रडतात, पाड्याचंच नाव झालं ना.

"तहान खरी व्हती," यमू म्हणाली. "ती पुरली नाय तुला? माझा दादला कशाला मारलास?"

तो कॅमेऱ्याची बटणं दाबत आत गेला.

यमू मांडवाबाहेरच्या उंबराखाली बसली. ताट मांडीवर. सावळ्या शेजारी बसला, आणि विडी न पेटवताच त्याने परत खिशात ठेवली.

आत तोड निघाली. गेल्या साली याच पाड्यात प्रणितने एका लग्नाचं शूटिंग केलं होतं, त्यातला धवळा त्याच्या मोबाइलवर होता. स्पीकरला लावू. बाई नको, आवाज चालेल.

यमूने आपलाच आवाज आतून येताना ऐकला.

*भातसेच्या काठी उंबर वाकला गो,*
*उंबराखाली मांडव झाकला गो,*
*मांडवी बसली कविता नवरी…*

कविता गेल्या सालची. आजची नवरी भावना होती. धवळ्याने भरल्या मांडवात भलतीलाच बसवलं होतं. म्हातारीने कपाळाला हात लावला. कोणीतरी स्पीकरची वायर ओढली. भावना रडत होती, अपशकुनाच्या भीतीने की लाजेने, कोण जाणे.

गीताबाईच बाहेर आली. ये गो बाय, म्हणाली, झालं गेलं सोड, पोरीकडं बघ. तिच्या मागून प्रणित आला, कॅमेरा चालू ठेवून. मावशी, उठा, तुमची एन्ट्री घेतो, म्हणाला.

यमू उठली. हळदीच्या पाण्यात तिने बोट बुडवलं, कुंकवात घोळलं, आणि कॅमेऱ्याच्या काचेवर मधोमध टेकवलं. दाबून धरलं.

"पूस आता," ती म्हणाली.

मांडवात ती गेली नाही. उंबराखालीच उभी राहिली, सावळ्याच्या खांद्यावर हात ठेवून, आणि तिथूनच तिने धवळा उचलला. गळा रागाने जाड झाला होता, पण नाव नीट आलं. मांडवी बसली भावना नवरी, भावनेच्या शेजारी सुरेंद्र नवरा. आत हात हातात गेले. नवरीची आई धवलेरीच्या मानाचं लुगडं-नारळ घेऊन धावत आली. यमूने ते घेतलं नाही. पणती तेवढी पेटवून तिच्या हातात दिली.

सावळ्याने ताट उचललं. दोघं उताराला लागली.

मागे प्रणित शर्टाच्या टोकाने काच पुसत होता. तो पुसत होता, आणि लाल रंग काचभर पसरत होता.