सामान राखणारी आक्का

सहलीला निघालं की घरोघरी एकच भानगड असते, मंडळी. सामान कोण राखणार? वडगावच्या अमृतच्या घरात मात्र हा प्रश्न कुणाला कधी पडलाच नाही. बायाक्का होती की! अमृतची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून भावाकडंच राहणारी. घरी विणकामाच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायची आणि सहलीत डबे राखायची. गोकाकच्या धबधब्याला ती कैकदा गेली, पण पाणी काही तिनं बघितलं नव्हतं.

यंदा पावसाळ्यात पुन्हा तेच झालं. "माकडं लई हैत आक्का, डबे सांभाळ," असं म्हणून अमृत सगळ्यांना घेऊन झुलत्या पुलाकडं गेला. झाडाखाली बायाक्का एकटी उरली. लांबून पाण्याचा गडगडाट ऐकू येत होता. बोलायला कुणी नाही, म्हणून ती पिशव्यांशीच काहीबाही पुटपुटत बसली.

इतक्यात अमृतची नवी सून सौम्या छत्री न्यायला परत आली. "आत्या, तुम्ही तर नेहमी येता. धबधबा कुठनं झ्याक दिसतो?"

"मला काय ठावं गं पोरी? माझी जागा हीच न्हवं?"

सौम्या तडक गेली आणि सासऱ्यांनाच घेऊन आली. "मामा, डब्यांना राखण लागते, मग आत्यांना सोबत नको?"

"अगं, मला बघायचंय असं आक्का कधी म्हणालीच न्हाय!"

"तुम्ही कधी विचारलंत?"

अमृत वरमला. खरंच, एकदाही विचारलं नव्हतं.

"जाऊ देत डबे माकडांच्या तोंडात! ऊठ आक्का, चल!"

कठड्यापाशी नेऊन त्यानं हौसेनं विचारलं, "दिसतंय न्हवं?"

"व्हय रं! पांढरंशुभ्र, दुधावानी!"

अमृतनं वळून तिच्या डोळ्यांकडं बघितलं. नदीला पूर होता, पाणी तांबडंलाल कोसळत होतं!

"आक्का, तुला दिसत न्हाय?"

"कमी झालंय रं. लई दिस झालं."

"आणि सांगितलं न्हाईस?"

"कुणाला सांगू? समदी आपापल्या गडबडीत." तिच्या आवाजात राग नव्हता. "तू एवढ्या हौसेनं आणलंस, म्हणून म्हटलं पांढरं."

अमृतला रडू आवरेना. तिचा हात घट्ट धरून तो ओरडून ओरडून तिला सांगू लागला, पाणी कसं लाल आहे, कुठनं उडी घेतंय, पुलावर किती माणसं आहेत. "उद्याच डोळ्याच्या डॉक्टरकडं जायाचं," तो म्हणाला. बायाक्का नुसती मान हलवत ऐकत होती.

मंडळी, जो मागत नाही त्याला काही नकोच असतं, हा आपला सोयीचा समज आहे. असं एखादं माणूस तुमच्याही घरात असेल. तुला काय बघायचंय, असं त्याला आजच विचारा. त्याचे डोळे आहेत तोवर विचारा!