गेटकडून सुरुवात

हरलेल्या संघाची चिरफाड करायला बसतात तेव्हा आधी चहा मागवतात. त्या कापड कारखान्याची रीत तशीच होती. शनिवारी फुटबॉलचा संघ हरला की सोमवारी पाळी सुटल्यावर कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी तीन माणसं बसायची आणि अकरा जणांचे दहापैकी गुण पक्के करायची. एक कल्याण अधिकारी, एक कप्तान आणि एक वहीकाका. गुणांचा कागद दुसऱ्या दिवशी गेटवर लागायचा. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो संघातून बाहेर.

आणि संघातून बाहेर म्हणजे नुसतं मैदानाबाहेर नव्हे. खेळणाऱ्याला गोदामात काम असायचं. गठ्ठे रचा, शिक्के मारा, उघड्या हवेत श्वास घ्या. खेळ सुटला की रंगखातं. तिथे टाक्या उकळतात, वाफ छातीत बसते, आणि चारपाच वर्षांत अशी वेळ येते की माणूस दिसायच्या आधी त्याचा खोकला ओळखू येतो. कागदावर याला कल्याण म्हणतात. म्हणून तर अधिकाऱ्याचं नाव कल्याण अधिकारी.

वहीकाका गेटवरचे हजेरीवाले. तरुणपणी बॅकला खेळायचे. गुडघा गेला, मग वही धरली. सामना चालू असताना बाजूच्या रेषेवर स्टूल टाकून बसायचे आणि सगळं टिपायचे. कोणी किती पास चुकवले, कोणाचा चेंडू कोणी हिसकावला, गोलवर किती फटके आले, त्यातले किती जमिनीवरून, किती उंचावरून. प्रत्येक गोष्टीला एक काडी. अकरा वर्षांच्या अकरा वह्या, कुठे खाडाखोड नाही. त्या वह्या काकांशिवाय कोणी उघडून बघितल्या नव्हत्या, पण सगळे त्यांची शपथ खायचे.

काकांचं एक वाक्य कारखानाभर प्रसिद्ध होतं. ‘मी माणूस बघत नाही, खेळ बघतो.’ दुसरं त्याहून प्रसिद्ध. मागच्या वर्षी डाव्या कडेने खेळणाऱ्या लेफ्ट आउटला त्यांनी तीन गुण दिले तेव्हा तो बिचारा सांगायला आला होता, की काका, आदल्या रात्री बायको बाळंत झाली, मी इस्पितळाच्या बाकावर बसून होतो, डोळ्याला डोळा लागला नाही. काकांनी वही त्याच्यासमोर धरली आणि म्हणाले, “यात कारणाचा रकाना दाखव मला.”

लोक हसले होते. लेफ्ट आउट रंगखात्यात गेला. वहीने तिथे पाठवलेला तो नववा होता.

या वर्षी गोलवर काकांचा जावई होता. वशिल्याने नव्हे. चार वर्षं टाक्यांवर काढलेला गडी, वरून सुटलेला गठ्ठा हवेतल्या हवेत धरताना कप्तानाने बघितला आणि उचलला. गोदामात आला, तीन महिन्यांत त्याचा खोकला थांबला. काकांची मुलगी शिलाई खात्यात होती. ती मैत्रिणींना सांगायची, घरात इतकी शांतता झाली की सुरुवातीला मलाच झोप येईना.

तर चषकाची सेमीफायनल. परकं मैदान. सामना चारला सुरू. आपला संघ दोन गोलांनी हरला. दोन्ही गोल उत्तरार्धात, दोन्ही उंच चेंडूंवर. दुसऱ्या गोलच्या वेळी तर गोलकीपर डोळ्यांवर हात धरून उभा होता आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाळीत गेला. खुर्चीत बसलेल्या मालकांनी ते बघितलं आणि शेजारच्याला काहीतरी म्हणाले. काय म्हणाले ते कोणाला ऐकू आलं नाही, पण अर्थ सगळ्यांना कळला.

चिठ्ठीवर गुण लिहायचे ते त्याच दिवशी, परतीच्या बसमध्ये, राग ओला असतानाच. मग चिठ्ठी घडी घालून अधिकाऱ्याच्या हातात. एकदा दिलेली चिठ्ठी परत मागायची नाही, हा नियमसुद्धा काकांचाच. त्या दिवशी बसमध्ये चाळीस माणसं होती आणि चाळिसांचे डोळे काकांच्या पेन्सिलीवर. बाकी दहा जणांना गुण देताना काकांनी वही बघितली. जावयाला देताना त्यांनी त्या चाळिसांचे डोळे बघितले, आणि लिहिलं – दोन.

मागून कोणीतरी हळूच म्हणालं, “काका म्हणजे काका.” काकांना बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, छाती दोन बोटं वर आली.

रविवारी दुपारी मुलगी घरी आली. काका टेबलाशी बसून अहवाल सुवाच्य अक्षरात उतरवत होते.

“बाबा, किती दिलेत यांना?”

“ते सांगायचं नसतं.”

“दोन दिलेत. बसमधून उतरायच्या आत बातमी आली. मी तुमच्या तोंडून ऐकायला आले होते.”

“मग ऐकलंस असं समज.”

“बरं.” ती उभीच होती. “काल अंग शेकताना मी विचारलं, एवढा साधा चेंडू कसा सुटला. नुसते भिंतीकडे बघत राहिले. तुमच्या वहीत असेल ना काही?”

“वहीत सगळं असतं.”

“मग बघा तरी,” ती म्हणाली आणि पाणीही न पिता गेली.

काकांनी वही बघितली ती तिला खोटं पाडायला. पूर्वार्धात आपल्या गोलवर उंच चेंडू तीन. उत्तरार्धात काड्या मोजल्या, परत मोजल्या. एकवीस. समोरचे लोक मध्यंतरानंतर वेडे झाल्यासारखे सगळं हवेतून मारत होते. का? काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मध्यंतरानंतर आपला गोलकीपर मावळतीकडे तोंड करून उभा होता. पाच वाजून गेले होते. सूर्य उतरून त्याच्या बरोबर डोळ्यांत आला होता. समोरच्यांनी ते ओळखलं आणि चेंडू उन्हात सोडत राहिले. एकवीस वेळा. त्यातले एकोणीस जावयाने अडवले होते. आंधळ्याने.

आणि त्याला तिथे उभं कोणी केलं?

यांच्या स्वतःच्या मैदानाला उतार होता. गेटची बाजू खाली, पाण्याच्या टाकीची बाजू वर. म्हणून अकरा वर्षांपूर्वी काकांनीच नियम घालून दिला होता, नाणेफेक जिंकली की गेटची बाजू घ्यायची, आधी चढावर खेळायचं, म्हणजे समोरचे दमले की उतार आपला. कपडे बदलायच्या खोलीत तो नियम भिंतीवर रंगवलेला होता. ‘गेटकडून सुरुवात.’ शनिवारी नाणेफेक जिंकल्यावर कप्तानाने सवयीने काकांकडे बघितलं. काकांनी सवयीने गेटकडे हात केला. परकं मैदान ताटासारखं सपाट होतं. तिथे चढ नव्हता, उतार नव्हता. तिथलं गेट नुसतं पश्चिमेला होतं, एवढंच.

अकरा वर्षं दुसऱ्याच्या चुका टिपणाऱ्या माणसाने हात वर करताना आभाळाकडे एकदा बघितलं नव्हतं.

सोमवारी सकाळी गेटवर लेफ्ट आउट भेटला. हातात रंगाची ढकलगाडी, नखं निळी.

“काय काका, या खेपेला कोण येतंय आमच्याकडे? जागा झाडून ठेवलीये.”

“पुढे हो. रांग अडकलीये.”

“नाही, घरचा माणूस येणार म्हणून म्हटलं. पाट मांडू का?”

काकांनी हजेरीवर टिंब केलं आणि मान वर केली नाही.

संध्याकाळी टेबलाशी चहा आला. अधिकाऱ्याने तिन्ही चिठ्ठ्या उघडल्या. गोलकीपरला अधिकाऱ्याचे स्वतःचे दोन, कप्तानाचे तीन, काकांचे दोन.

“एकमत,” अधिकारी म्हणाला. “असं काम आवडतं मला.”

“साहेब, माझी चिठ्ठी मला बदलायची आहे,” काका म्हणाले.

कप्तानाने कप खाली ठेवला. हा गोदामातला मुकादम, अंगाने आडवा, बोलायला कमी. अधिकारी हसला.

“काका, आज सूर्य कुठून उगवला?”

“उगवला नाही, मावळला. तेच सांगतोय.” काकांनी वही पुढे केली आणि बोट ठेवून सगळं सांगितलं. काड्या, ऊन, गेट, आपला हात. सांगताना त्यांना वाटलं, एवढं स्पष्ट आहे की आंधळ्यालाही दिसेल. शेवटी म्हणाले, “चूक माझी. पोराला तिथे मी उभं केलं.”

अधिकाऱ्याने वहीकडे बघितलंसुद्धा नाही. चहात चमचा फिरवत राहिला.

“चारला दोन्ही संघांना एकच सूर्य होता ना?”

“चारला तो वर असतो साहेब. साडेपाचला डोळ्यांत येतो.”

“कप्तान, काकांनी तुला हात केला होता?”

काका त्याच्याकडे बघत होते. याच्या बापाबरोबर काका खेळले होते.

“मला आठवत नाही,” कप्तान म्हणाला. “बाजू मी घेतली. कप्तान मी आहे. रेषेवरच्या माणसाचा हात बघून खेळतो असं कागदावर येणार असेल, तर मीच कशाला पाहिजे? काठीला टोपी घालून उभी करा.”

“अरे, तू माझ्याकडे बघितलंस. मान हलवलीस.”

“काका, जावयासाठी जीव तुटतो तुमचा, मला समजतं. पण माझी मान कशाला मध्ये आणता?”

“ऐका,” अधिकारी म्हणाला, आणि आवाज अगदी मऊ केला. “वही तुमची, अक्षर तुमचं, जावई तुमचा. उद्या या कागदावर दोनाचे सात झाले तर लोक काय म्हणतील? अकरा वर्षांची अब्रू आहे तुमची. शिवाय मालकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तोंडावर हात धरून उभा होता. मी त्यांना काय सांगू, सूर्याला काढून टाका म्हणून?”

“मला शून्य द्या. माझं नाव लिहा.”

“तुम्ही खेळलात?”

काकांनी वही आपल्याकडे ओढली.

“खेळला नाहीत. मग गुण कसले?” अधिकाऱ्याने कागद पुढे सरकवला. “आणि समजा सगळं खरं आहे. ऊन होतं, गेट होतं, तुमचा हात होता. ते लिहू कुठे? कारणाचा रकाना दाखवा मला यात.”

कप्तान हसला नाही, एवढे त्याचे उपकार. पलीकडच्या टेबलावरचे दोघे मात्र हसले.

सही करायची की नाही, यावर काकांनी बराच विचार केला असं पुढे ते स्वतःला सांगत. खरं म्हणजे चहावर साय धरायच्या आत झाली. केली नाही तरी बेरीज बदलत नाही, दोघांचे गुण पुरेसे आहेत, असं त्यांनी मनाशी म्हटलं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत आणि हजेरीचं टेबल कोणाच्या शब्दावर टिकतं, हे मनाशी म्हटलं नाही, पण पेन उचलताना हाताला ते माहीत होतं. सही नेहमीसारखीच आली. वळणदार.

मंगळवारी कागद लागला. बुधवारी सकाळी पहिल्या पाळीला जावई गेटवर आला. गोदामाची रांग डावीकडे, रंगखात्याची उजवीकडे. तो उजव्या रांगेत उभा राहिला. हातात डबा, खांद्यावर जुना टॉवेल. तो टॉवेल मुलीने फेकून दिला असेल असं काकांना वाटलं होतं.

त्याचा नंबर आला. काकांनी आवाज खाली आणला.

“मी सांगितलं हो त्यांना. सगळं सांगितलं. गेट, ऊन, माझा हात. ऐकलं नाही कोणी.”

“कळलं मला.”

“मध्यंतराला तुम्ही तरी बोलायचं. ऊन डोळ्यांत येणार हे तुम्हाला समजलं नव्हतं?”

“मामा, तुम्ही हात केलात ना, तेव्हाच समजलं होतं,” जावई म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “मी गोलमध्ये उभा राहून वर बघितलं होतं. म्हटलं, सासऱ्याची चूक चारचौघांत कशी काढू. बसमध्ये तुम्ही स्वतःच बोलाल.”

“बसमध्ये...”

“तुम्ही पेन्सिल काढलीत तेव्हा मला वाटलं, आता बोलतील. मग तुम्ही लिहिलंत.”

मागून रांग ओरडायला लागली, की काका, पंगत नाही ही, हलवा. जावयाने डबा दुसऱ्या हातात घेतला.

“मांडा हजेरी, मामा. उशिराची खूण लागेल माझ्या नावापुढे.”

काकांनी हजेरीपुस्तकाची पानं मागे उलटली. गोदामाच्या पानावर नाव होतं, ते खोडलं. आधीच्या नऊ जणांची नावं नव्या महिन्याच्या पानावर गेली होती; अकरा वर्षांत त्यांच्या हातची ती पहिली खाडाखोड. रंगखात्याच्या पानावर शेवटी नाव लिहिलं, लेफ्ट आउटच्या नावाखाली. इथेही रकाने होते. नंबर, नाव, खातं, वेळ.

रंगखात्याच्या दारात लेफ्ट आउट ढकलगाडी घेऊन उभा होता. काका कान पाडून वाट बघत राहिले, आता हा टोमणा मारणार, पाटाचं काहीतरी बोलणार. त्याने मारला नाही. जावयाच्या हातातला डबा घेऊन त्याने गाडीच्या दांड्याला अडकवला आणि म्हणाला, “खिडकीपाशी उभा राहा. माझी जागा आहे ती. मी आत सरकतो.”

दोघं वाफेत शिरले. काका पुढच्या माणसाकडे वळले आणि त्याचा नंबर विचारला.