डावीकडे म्हणजे हो

"हात सोड, बाळ," निरोपमाई म्हणाली, आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना उभी असलेली शे-दीडशे माणसं माना उंचावून बघू लागली.

माझ्या धाकट्या बहिणीने स्टिअरिंगवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. बंद पडलेल्या कारखान्यासमोरच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावरून तिची निळी मिनीव्हॅन माणसाच्या चालीने सरकत होती. मागे तिची दोन्ही मुलं बसली होती. शेजारच्या सीटवर माईने डोळे मिटले आणि खर्जात विचारलं, "तुमची बायको विचारते आहे. शनिवारी मुलांना घेऊन डोंगरापलीकडच्या तळ्यावर येऊ का? डावीकडे म्हणजे हो, उजवीकडे म्हणजे नाही."

गाडीच्या पोटातून 'टक' असा आवाज आला. मग गाडी हळूहळू डावीकडे गेली.

"हो म्हणाले!" गर्दीत एकच गलका झाला. कुणी डोळे पुसले, कुणी हात जोडले. मी मात्र पुढच्या चाकांकडे बघत होते. मी चोवीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवते. हात सोडल्यावर गाडी भरकटते आणि खालून टक वाजतं, तेव्हा कुणीतरी ताबडतोब गाडीखाली शिरून बघायला हवं, एवढं मला कळतं.

माझे मेहुणे सहा महिन्यांपूर्वी आजारपणात गेले. त्यानंतर दोन महिन्यांनी व्हॅन डावीकडे ओढायला लागली. दुसरं कुणी असतं तर गॅरेज गाठलं असतं. पण पहिल्यांदा ओढ जाणवली तेव्हा डाव्या हाताला नेमकं त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. बहिणीने ते शेजारणीला सांगितलं, शेजारणीने मेलेल्यांचे निरोप सांगणाऱ्या निरोपमाईला. माईकडे मेलेली माणसं आधी पाण्याच्या पेल्यातून बोलायची, आता त्यांनी चारचाकी घेतली. मग दर रविवारी आणि गुरुवारी दुपारी प्रश्नोत्तरं सुरू झाली. कुणाचं लग्न, कुणाचं घर, कुणाची नोकरी. जिवंतपणी "मला काय विचारता, तुम्हीच ठरवा" म्हणणारा माणूस मेल्यावर अख्ख्या गावाला सल्ले देऊ लागला.

सुरुवातीला टक एकदाच वाजायचं. आता फेरीत चार-पाच वेळा वाजत होतं.

"अगं, मोकळेपणाने बोलायला लागलेत आता," माई कौतुकाने म्हणायची.

त्या रविवारी घरी गेल्यावर मी बहिणीला म्हणाले, "उद्याच्या उद्या गाडी गॅरेजला ने."

"नको ताई. पाना लागला की हे निघून जातील. माईंनी बजावलंय." ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मुलांचे पोहायचे कपडे होते. "आणि शनिवारी तळ्याच्या वाटेवरच्या मोठ्या उतारावर मला हात सोडायचेत. एकाच वळणावर. तिथे हे स्वतः गाडी धरतील. भेट होईल म्हणाल्या."

"मुलं गाडीत असताना?"

"मुलांनाही भेटायचंच असेल ना त्यांना."

तिचा आवाज इतका शांत होता की मला तिची भीती वाटली. किल्ली हिसकावून घ्यावी असं मनात आलं. पण दुसरी किल्ली माईच्या पिशवीत होती, आणि हा शनिवार टळला तरी पुढचा होताच. तिचा विश्वास उडाल्याशिवाय उपयोग नव्हता.

सोमवारी सकाळी मी एकटीच त्या रस्त्यावर गेले. मधोमध उभी राहिले आणि बाटलीभर पाणी ओतलं. अर्धं पाणी डावीकडे वाहत गेलं, अर्धं उजवीकडे. पावसाचं पाणी साचू नये म्हणून रस्ता मध्ये उंच ठेवतात, हे मी शिकाऊंना दर महिन्याला सांगते, आणि माझ्याच डोक्यात ते शिरलं नव्हतं! ढिल्या स्टिअरिंगची गाडी मोकळी सोडली की उताराकडे जाणार. डाव्या अर्ध्यात डावीकडे, उजव्या अर्ध्यात उजवीकडे. मग आठवलं, प्रत्येक प्रश्नाआधी माई खाली उतरते, डोळे मिटून चार पावलं चालते आणि म्हणते, "इथे जाणवतंय, इथून सुरू कर." 'हो' हवं असेल तेव्हा तिला नेमकं डाव्या बाजूलाच जाणवायचं.

गुरुवारी मी गॅरेजवाल्या काकांना घेऊन गेले. गर्दी दुप्पट होती. व्हॅन डाव्या अर्ध्यात उभी होती.

"माई, आज पहिला प्रश्न लेकीला विचारू द्या," मी म्हणाले. नाही म्हणायला जागा नव्हती. भाचीला मी एवढंच सांगितलं होतं, की उत्तर तुला पक्कं माहीत आहे असं काहीतरी विचार. गाडी सरकली, बहिणीने हात सोडले, आणि आठ वर्षांची पोर मागून मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी मुलगा आहे का?"

टक. गाडी डावीकडे.

कुणीतरी फिसकन हसलं. भाची हसली नाही. "बाबा मला विसरले?" तिने आईला विचारलं. बहिणीने गचकन ब्रेक दाबला.

"गेलेली माणसं थट्टाही करतात," माई घाईने म्हणाली.

"करू देत. आता गाडी उजव्या बाजूला घे आणि हाच प्रश्न पुन्हा विचार," मी बहिणीला म्हणाले. तिने घेतली. गाडी उजवीकडे गेली. मग मी सगळ्यांसमोर मधोमध बाटली रिकामी केली. दोन्हीकडे वाहणारं पाणी लोक मान खाली घालून बघत राहिले.

"मग माझ्या घराचं काय? विकू नको म्हणाले होते!" एक गृहस्थ ओरडले.

"ते नाही म्हणाले. रस्त्याची उजवी बाजू म्हणाली."

काकांनी सगळ्यांना खाली उतरवलं, पुढचं चाक जॅकवर उचललं आणि दोन्ही हातांनी धरून हलवलं. टक. पुन्हा हलवलं. टक, टक. तोच आवाज.

"काय माई, काय म्हणतायत?" काकांनी विचारलं. माईने तोंड फिरवलं.

काकांनी चाकामागचा एक दांडा दाखवला. स्टिअरिंग फिरवलं की हा चाक वळवतो. त्याच्या टोकाला वाटीत बसवलेली लोखंडी गोळी असते. वरचं रबर फाटून आत धूळ गेली होती आणि वाटी झिजून मोठी झाली होती. त्यांनी सळईने जरासा जोर दिला. गोळी वाटीतून बाहेर आली आणि चाक आपोआप एका बाजूला वळलं.

"हे उतारावर सुटलं असतं, तर स्टिअरिंग धरा नाहीतर सोडा, गाडी कुणाच्याच हातात नव्हती," काका म्हणाले.

"मी कुणाचं वाईट करायला निघाले नव्हते," माई पुटपुटली. "लोकांना बरं वाटत होतं."

"उतार कुठल्या बाजूला आहे ते मात्र तुम्हाला बरोबर ठाऊक होतं," मी म्हणाले, आणि दुसरी किल्ली मागून घेतली. माईने ती दिली आणि पिशवी सावरत निघून गेली. तिला कुणी थांबवलं नाही.

बहीण रस्त्याच्या कडेला बसली होती. "म्हणजे हे नव्हतेच?"

"नव्हते."

तो एक शब्द बोलताना मला स्वतःची चीड आली. खोटा का असेना, तिचा नवरा मी तिच्यापासून पुन्हा एकदा हिरावून नेला होता.

संध्याकाळपर्यंत काकांनी दांड्याची दोन्ही टोकं बदलली. नोंद करायला त्यांनी गाडीची सर्व्हिसची वही मागितली. बहिणीने ती कप्प्यातून काढली, शेवटचं पान उघडलं आणि तशीच उभी राहिली. मेहुण्यांचं बारीक अक्षर होतं, आजारी पडण्याच्या आदल्या आठवड्यातलं. 'पुढून बारीक टक ऐकू येतं. स्टिअरिंगचे जोड लगेच बघून घेणे. मुलं असतात गाडीत.'

सहा महिन्यांत पहिल्यांदा ती ओक्साबोक्शी रडली. मग काकांचं पेन घेऊन तिने त्याखाली लिहिलं, 'बदलले.'

मला एवढंच सांगायचंय. 'हो' म्हणणाऱ्या प्रत्येक चमत्काराला ज्याचं उत्तर 'नाही' आहे असा एक प्रश्न विचारून बघा. गाडी वाजली तर गॅरेजला न्या. आणि गेलेल्या माणसाचं खरंच ऐकायचं असेल, तर तो जिवंत असताना काय सांगून गेला ते आधी वाचा.