फाटक्या कानाची साक्ष

मी एक काळा उंदीर बोलतोय. उंदीर म्हटलं की तुम्हाला धान्याची पोती आठवतील. मी पोतं कधी पाहिलेलं नाही. माझा जन्म मॉन्टेव्हिडिओतल्या एका प्रयोगशाळेच्या तळघरात झाला आणि मरण आज दुपारी, वरच्या मजल्यावर ठरलं आहे.

आमच्या कुळात एक जनुक मोडकं आहे. स्नायूंना घट्ट धरून ठेवणारं प्रथिन आमच्यात बनतच नाही. नुसतं धावलं तरी आमचे स्नायू आतून फाटतात. आईच्या पोटात असताना दुसरं एक जनुक तसंच प्रथिन बनवत असतं, पण जन्मानंतर ते जवळजवळ गप्प होतं. खरी गरज लागते तेव्हाच नेमकी त्याला झोप लागते. त्याला जागं करायचं औषध डॉक्टर मारिएला शोधते आहे.

का, तेही सांगतो. तिचा धाकटा भाऊ फाब्रिसिओ. त्याचा आजार आमचाच. तो चाकांच्या खुर्चीत असतो आणि आता घास तोंडापर्यंत नेणंही त्याला जड जातं. ती काम करते तेव्हा टेबलावरच्या फोनमधून तो बोलत असतो.

“काय ताई, माझे चुलतभाऊ जेवले का?”

“जेवले. तुझ्यासारखी नाटकं करत नाहीत ते.”

“मग माझ्या लग्नाला बोलव त्यांना. आमच्या बाजूने नाचायला कोणीतरी हवं.”

चुलतभाऊ म्हणजे आम्ही. ती हसते आणि पुढची सुई भरायला घेते.

मी आणि माझा सख्खा भाऊ एकाच पिंजऱ्यात वाढलो. त्याला औषध टोचायचे, मला नुसतं पाणी. ओळख पटावी म्हणून त्याच्या कानाच्या कडेला खाच पाडली होती, माझ्या कानाला गोल भोक. बाकी पिंजऱ्यांचे निकाल अर्धेमुर्धे निघाले, त्यामुळे सगळ्यांचे डोळे आमच्या जोडीवर लागले होते.

आमचे पिंजरे वॉल्टर साफ करतो. बगलेत थर्मास घेऊनच जन्मला असावा असा माणूस. येर्बाचा कडू चहा आत आणायला बंदी, म्हणून थर्मास दाराबाहेर आणि त्याचा अर्धा जीवही दाराबाहेर. पण माणूस चांगला. नव्या पिंजऱ्यात तो जुन्या घरट्यातला चिमूटभर कागद न विसरता टाकायचा. आम्ही एकमेकांना वासावरून ओळखतो. वास गेला की सख्खा भाऊही परका होतो.

एके दिवशी देशाचा फुटबॉलचा सामना होता. बाहेर रेडिओ ओरडत होता. वॉल्टरने जुनं घरटं सगळंच्या सगळं फेकलं आणि आम्हाला कोऱ्या पिंजऱ्यात सोडून तो धावला. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही. आम्ही भांडलो, आणि उंदीर भांडतात ते दातांनी.

माझं भोक कडेपर्यंत फाटलं आणि त्या भोकाचीच खाच झाली. भावाचा कान तर खाचेसकट निम्मा गेला.

“अरे देवा, काय करून ठेवलंय यांनी,” वॉल्टर दुसऱ्या दिवशी म्हणाला.

मारिएला वाकली. “औषधाचा कुठला?”

“हा. खाच शाबूत आहे ना. त्या दुसऱ्याचं भोक फाटून कान गेला.”

तिने मान हलवली. झालं. एवढ्यावर मी औषधाचा ठरलो.

मग ताकद जोखायला आम्हाला जाळीला उलटं लटकवलं. मी लगेच पडलो. भाऊ लटकतच राहिला. मला त्याचा फार अभिमान वाटला. तिचा चेहरा मात्र उतरला.

काल त्याला नेलं. त्याच्या पायाच्या स्नायूच्या पातळ कापाला तिने ते प्रथिन असेल तिथेच चमकणारा रंग लावला आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर पेशींच्या कडा हिरव्या चमकत होत्या. झोपलेलं जनुक जागं झालं होतं. जे पाहायला ती इतकी वर्षं तळमळली, ते तिच्या डोळ्यांसमोर होतं.

“पाण्याच्या उंदरात चमक?” ती थकून म्हणाली. “माझाच रंग चुकला असणार.” आणि तिने तो काप बाजूला सारला.

आता माझी पाळी. तिने मला उचललं आहे. तिचा हात उबदार आहे. फोन चालू आहे.

“आज कळेल ना, ताई?”

“आज कळेल.”

“नसेल झालं तर सरळ सांग हं. गोड करून सांगू नकोस.”

माझ्या स्नायूत तिला अंधारच दिसेल. औषध वाया गेलं असं ती त्याला सरळ सांगेल, आणि दुसरं शोधण्याइतका वेळ त्याच्याकडे नाही.

बाई, तुझा अंगठा आत्ता माझ्या कानावरच आहे. कापलेली कड गुळगुळीत असते, फाटलेली खरखरीत. एकदा चाचपून बघ.

तिने अंगठा काढला.

माझं उरलेलं शरीर पिशवीत घालून गोठवायच्या पेटीत ठेवतील, भावाच्या शेजारी. माझा फाटका कान त्या शरीरालाच असेल. वॉल्टर शुक्रवारी पिशव्या जाळायला नेतो. तुमच्यापैकी कोणी तिला ओळखत असेल, तर त्याआधी तिला ती पेटी उघडून माझ्या कानाची कड चाचपायला सांगा.